भावाला नव्या औषधाच्या ट्रायलमध्ये घालू का?

पत्र मोठं होतं, थोडं कापून देते:

"माझा धाकटा भाऊ २७ वर्षांचा आहे, सहा वर्षं झाली स्किझोफ्रेनियाला. दोन औषधं झाली, कानात येणारे आवाज कमी झाले पण गेले नाहीत. डॉक्टर म्हणतात आता क्लोझापिन सुरू करू, किंवा त्यांच्याच हॉस्पिटलात एका नव्या औषधाची ट्रायल चालू आहे त्यात बसतो का ते पाहू. ट्रायलमध्ये आधी आत्ताची गोळी बंद करणार, मग पाच आठवडे नवं औषध किंवा प्लासिबो म्हणजे औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी, कुणाला काय मिळतंय ते पेशंटलाही माहीत नाही आणि डॉक्टरांनाही नाही. आई म्हणते माझ्या पोराला प्रयोगाचा उंदीर करायचा नाही. मला वाटतं क्लोझापिनसाठी दर आठवड्याला रक्त काढत बसण्यापेक्षा नवीन औषध बरं, पेपरात पण चांगलं आलंय. भाऊ म्हणतो ताई तू म्हणशील तसं. मी त्याला सही करायला सांगू का? ता. क. बहीण म्हणून माझंही रक्त जेनेटिक स्टडीसाठी मागितलंय, देऊ का?"

ताई, उत्तर आधी देऊन टाकते म्हणजे शेवटपर्यंत जीव टांगणीला नको. माझ्या मते आत्ता, ही ट्रायल, नको. आधी क्लोझापिनचा विषय नीट संपवा. आणि सही करायला सांगू का याचं उत्तर तर कधीच हो नाही, औषध कितीही भारी असलं तरी, कारण ती सही त्याची आहे. मी डॉक्टर नाही, पण ट्रायल्सना परवानगी देणाऱ्या एका एथिक्स कमिटीवर बाहेरची मेंबर म्हणून बरीच वर्षं बसतेय, संमतीपत्रं वाचणं आणि त्यातल्या गुळगुळीत वाक्यांवर भांडणं हेच तिथलं माझं काम, त्यामुळे ट्रायलला सरसकट विरोध असता तर तिथे बसलेच नसते.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. तुमचे डॉक्टर जेव्हा गोळी लिहून देतात तेव्हा प्रश्न असतो की या मुलाला काय लागू पडेल. ट्रायलमध्ये प्रश्न असतो की हे औषध प्लासिबोपेक्षा बरं आहे का. दोन्ही तेच हॉस्पिटल, तोच डॉक्टर, तीच खुर्ची, पण काम वेगळं. तुमच्या भावाला कुठल्या गटात टाकायचं ते कॉम्प्युटर ठरवतो, त्याची तब्येत बघून कुणी ठरवत नाही, डोस त्याच्यासाठी हवा तसा हलवता येत नाही, आणि बरोबर कुठली औषधं चालतील तेही आधीच छापलेलं असतं. अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ पॉल ॲपलबॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ च्या आसपास मानसिक आजारांच्या अभ्यासात भाग घेतलेल्या लोकांशी बोलून पाहिलं, तर बऱ्याच जणांना सगळं समजावून सांगितल्यावरही वाटत होतं की आपल्याला जो गट मिळाला तो आपल्या भल्यासाठीच निवडला गेला. शिकलेल्या लोकांना पण असं वाटतं हो, तुमच्या पत्रातही ते आहे, "नवीन औषध बरं" असं तुम्ही लिहिलंय पण त्याला नवीन औषध मिळेलच असं कुणी म्हटलेलं नाहीये.

आता पेपरातलं. तुम्ही औषधाचं नाव लिहिलं नाहीत, पण सध्या ज्याचा गाजावाजा आहे ते म्हणजे झॅनोमेलिन आणि ट्रॉस्पियमची जोडगोळी, सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली, आणि तिच्यामागून त्याच जातीची अजून औषधं रांगेत आहेत, म्हणून तेच उदाहरण घेते. बातमी खरी आहे बरं का, सत्तरएक वर्षं आपण मेंदूतल्या डोपामिन या रसायनाच्याच दारावर ठोठावतोय, १९५२ ला पॅरिसच्या सेंट ॲन हॉस्पिटलात क्लोरप्रोमाझिन वापरलं गेलं तेव्हापासून, आणि हे पहिलं मंजूर झालेलं औषध जे थेट डोपामिन न अडवता मस्कॅरिनिक रिसेप्टरमधून, म्हणजे पेशींवरच्या दुसऱ्याच कुलपांमधून, काम करतं. पण आकडे बघा. त्याच्या एका मोठ्या ट्रायलमध्ये २५२ लोक होते, पाच आठवडे. लक्षणं मोजायला पॅन्स नावाची मोजपट्टी वापरतात, ३० प्रश्न, प्रत्येकाला १ ते ७ गुण, म्हणजे कमीत कमी ३० आणि जास्तीत जास्त २१०. औषधवाल्यांचा स्कोअर सरासरी २१.२ नी उतरला. प्लासिबोवाल्यांचा ११.६ नी. म्हणजे औषधाची स्वतःची कमाई ९.६ गुणांची. वाईट नाही, बऱ्याच जुन्या औषधांच्या तोडीची किंवा थोडी वर, पण पेपरात येतो तो २१ चा आकडा आणि आपल्यासारखे लोक तोच धरून बसतात.

प्लासिबोवाल्यांचा स्कोअर का उतरला असं विचाराल तर त्याची कारणं मजेशीर आहेत. ट्रायलमध्ये लोक येतात तेच मुळी त्रास वाढलेला असताना, तो थोडा आपोआप ओसरतो. वॉर्डात झोप, जेवण, गोळ्या सगळं वेळेवर होतं. कुणीतरी दर आठवड्याला तासभर बसून मन लावून विचारतं की आवाज काय म्हणतात, किती वेळा येतात, तेव्हा तुम्ही काय करता. इतकं लक्ष बाहेर कोण देतं? आणि स्कोअर देणाराही माणूसच असतो, सुरुवातीला पेशंट अभ्यासात बसावा म्हणून नकळत चार गुण जास्त पडतात, ते नंतर गळतात. हा प्लासिबोचा परिणाम गेल्या काही दशकांत वाढत चाललाय आणि त्यामुळे चांगली वाटणारी औषधं पडतायत. त्याच मस्कॅरिनिक घराण्यातलं एमराक्लिडिन, त्याच्याकडून केवढ्या अपेक्षा होत्या, नोव्हेंबर २०२४ मध्ये दोन्ही ट्रायल्समध्ये प्लासिबोच्या पुढे जाऊ शकलं नाही. झॅनोमेलिन-ट्रॉस्पियमसुद्धा चालू औषधाला जोड म्हणून देऊन पाहिलं तेव्हा २०२५ च्या निकालात मुख्य कसोटीवर आकडेवारीच्या हिशोबाने सरस ठरलं नाही. कंपन्यांच्या प्रेस नोटमध्ये या गोष्टी कुठल्या परिच्छेदात असतात ते एकदा शोधून बघा, मी तर हल्ली शेवटून वाचायला सुरुवात करते.

आणि यातली मोठी मेख अशी की अशा बहुतेक ट्रायल्समध्ये ज्यांना आधीची औषधं लागू पडली नाहीत असे पेशंट घेतच नाहीत. कारण उघड आहे, निकाल बिघडतो. म्हणजे तुमचा भाऊ एकतर त्यात बसायला नको, किंवा बसला तर त्याची दोन औषधं "फेल" धरलेली नाहीत. यातलं कुठलं हे डॉक्टरांना सरळ विचारा. हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो कारण क्लोझापिनचं उत्तरही त्यातच आहे.

औषध लागू पडलं नाही असं कधी म्हणायचं याचे निकष संशोधकांनी २०१७ मध्ये एकत्र बसून ठरवलेत. दोन वेगवेगळी अँटीसायकॉटिक (म्हणजे या आजारावरची औषधं), प्रत्येक पुरेशा डोसमध्ये, प्रत्येक कमीत कमी सहा आठवडे, आणि गोळी खरंच पोटात जात होती याची खात्री. शेवटच्या अटीकडे लक्ष द्या. लंडनमध्ये औषध लागू न पडलेल्या पेशंटांच्या रक्तात औषधाची पातळी तपासली तर साधारण एक तृतीयांश लोकांच्यात ती हवी त्यापेक्षा कमी निघाली. काही जण गोळ्या घेत नव्हते, काहींचं शरीर औषध लवकर काढून टाकत होतं. भावावर संशय घ्या असं मी म्हणत नाहीये, गोळीने सुस्ती येते, वजन वाढतं, मग माणूस अधूनमधून टाळतो, त्यात गुन्हा काही नाही. २००५ मध्ये आलेल्या केटी नावाच्या अमेरिकन अभ्यासात १४९३ लोक होते आणि १८ महिन्यांच्या आत त्यातल्या ७४% लोकांनी मिळालेलं औषध या ना त्या कारणाने सोडलं किंवा बदललं. चारात तीन! त्यामुळे आधी पातळी तपासता येते का ते विचारा, आणि त्याला एकट्याला, आई नसताना, न रागावता विचारा की खरंच किती गोळ्या घेतल्या.

तपासलं आणि दोन्ही औषधं खरोखर फेल निघाली, तर मग क्लोझापिन. याची गोष्ट थोडी सविस्तर सांगते कारण तुम्ही त्याला "दर आठवड्याला रक्त" एवढ्यावर निकालात काढलंय. १९७५ मध्ये फिनलंडमध्ये या औषधावर काही लोकांच्या पांढऱ्या पेशी एकदम कोसळल्या आणि मृत्यू झाले, तेव्हा ते बऱ्याच ठिकाणी मागे घेतलं गेलं. संपल्यातच जमा होतं. मग १९८८ मध्ये जॉन केन आणि मंडळींची ट्रायल आली, २६८ पेशंट, सगळे असे की ज्यांच्यावर कमीत कमी तीन औषधं आधीच वाया गेली होती, वर हॅलोपेरिडॉल हे जुनं औषधही देऊन पाहिलेलं. सहा आठवड्यांत क्लोरप्रोमाझिनवर ४% लोक सुधारले, क्लोझापिनवर ३०%. इतक्या अवघड पेशंटांत इतका फरक त्याआधी कुणी दाखवला नव्हता आणि खरं सांगायचं तर त्यानंतरही कुठल्या औषधाने क्लोझापिनला या जागेवरून हलवलेलं नाही. २००३ च्या दुसऱ्या एका ट्रायलमध्ये, ९८० लोक, दोन वर्षं, ओलान्झापिन या दुसऱ्या औषधाच्या तुलनेत क्लोझापिनवर आत्महत्येचे प्रयत्न कमी झाले. फिनलंडमध्येच, जिथे ते बदनाम झालं होतं, तिथल्या ६२,२५० पेशंटांच्या वीस वर्षांच्या नोंदी २०२० मध्ये छापून आल्या तर सगळ्या अँटीसायकॉटिकमध्ये क्लोझापिनवर मृत्युदर सगळ्यात कमी. नोंदींचा अभ्यास आहे, ट्रायल नाही, त्यामुळे जपून वाचायचा, पण दुर्लक्ष करण्यासारखा पण नाही.

रक्ताचं म्हणाल तर पेशी कोसळण्याचा धोका शंभरात एकापेक्षा कमी लोकांना असतो आणि तो मुख्यतः सुरुवातीच्या महिन्यांत, म्हणून तेव्हा दर आठवड्याला तपासतात आणि नंतर अंतर वाढत जातं, किती ते देशोदेशी वेगळं. सगळे रक्तालाच घाबरतात पण मला विचाराल तर रोजच्या नजरेत ठेवायच्या गोष्टी दुसऱ्या आहेत. बद्धकोष्ठ. हसू नका, क्लोझापिनने आतडं इतकं मंदावतं की त्यातून जीवावर बेतू शकतं, त्यामुळे तीन दिवस पोट साफ नाही म्हणाला तर फोन करायचा, चूर्ण देऊन वाट बघायची नाही. पहिल्या महिन्या-दीड महिन्यात ताप, छातीत दुखणं, धाप, नाडी जोरात असं काही झालं तर त्याच दिवशी दाखवायचं, हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते. वजन आणि साखर आहेच. झोपेत लाळ येते, उशी भिजते, त्याची त्याला लाज वाटेल तर आधीच सांगून ठेवा. आणि सिगारेट ओढत असेल तर डॉक्टरांना सांगा, धुराने या औषधाची पातळी उतरते, आणि अचानक सिगारेट सोडली की पातळी एकदम चढते, हे बऱ्याच घरांत कुणी सांगितलेलंच नसतं.

हे सगळं वाचून तुम्ही म्हणाल मग तर ट्रायलच बरी. पण नव्या औषधाच्या बाबतीत ही यादी इतकी लांब नाही त्याचं एक कारण हेही आहे की ते अजून इतक्या लोकांनी इतकी वर्षं घेतलेलंच नाही.

आणि चालू गोळी बंद करण्याचा भाग. २०१२ मध्ये श्टेफान लॉयश्ट आणि सहकाऱ्यांनी ६५ ट्रायल्स एकत्र करून पाहिल्या, स्थिर झालेल्या लोकांत औषध चालू ठेवलं तर वर्षभरात २७% लोकांचा आजार उलटला, प्लासिबोवर ६४%. पाच आठवडे म्हणजे वर्ष नव्हे, मान्य, आणि ट्रायलमध्ये लक्ष जास्त असतं, पण ज्याच्यासमोर सिद्ध झालेला पर्याय अजून न वापरलेला पडलाय त्याने अर्धवट का होईना चालणारी गोळी सोडून प्लासिबोची शक्यता घ्यायची, हा सौदा मला पटत नाही. क्लोझापिन घेऊन झालं असतं आणि तेही लागू पडलं नसतं, किंवा सोसलं नसतं, तर माझं उत्तर वेगळं असतं, तेव्हा मी म्हटलं असतं फॉर्म घेऊन या, वाचू.

आता आईंचं. त्यांना गप्प करू नका, कारण त्या बरोबर प्रश्न विचारतायत, फक्त उत्तर अर्ध्यावर थांबतंय. १९३० च्या दशकापासून स्किझोफ्रेनियाच्या लोकांना इन्सुलिन देऊन कोमात घालायचे, आठवड्यातून कित्येकदा, महिनोन् महिने, मोठमोठ्या हॉस्पिटलांत त्याचे खास वॉर्ड होते आणि डॉक्टरांची खात्री होती की गुण येतो. काही पेशंट त्यात गेले. १९५७ मध्ये लंडनच्या ब्रायन ॲकनर यांनी काय केलं, अर्ध्या लोकांना इन्सुलिनचा कोमा आणि अर्ध्यांना दुसऱ्या औषधाने नुसती गाढ बेशुद्धी, आणि निकालात फरकच नाही. गुण येत होता तो बहुधा लक्ष देण्याचा, नर्सिंगचा. पुढे काही वर्षांत ती पद्धत बंद पडत गेली. म्हणजे वीस-पंचवीस वर्षं जे "उपचार" म्हणून चाललं तोच खरा न विचारता केलेला प्रयोग होता, आणि तो थांबवला तो रीतसर ट्रायलने. भाऊ आज जी गोळी घेतोय तीसुद्धा कुणाच्या तरी भावाने सही केली म्हणून आलीय. हे आईंना सांगा, पण पटवायला सांगू नका, नुसतं सांगा.

पण आईंच्या बाजूनेही एक गोष्ट आहे. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात २००३ च्या शेवटी एका तरुणाला सायकोसिसच्या (भास-भ्रमाच्या आजाराच्या) औषधांच्या तुलनेच्या अभ्यासात घेतलं. त्याच्यावर तेव्हा कोर्टाची ऑर्डर होती की डॉक्टरांनी सांगितलेले उपचार घेतले नाहीत तर सक्तीने भरती. अशा माणसाची सही कितपत स्वतःची असते? त्याची आई परत परत कळवत होती की मुलगा बिघडत चाललाय, त्याला अभ्यासातून काढा. मे २००४ मध्ये त्याने आत्महत्या केली. कुटुंब आणि काही प्राध्यापक वर्षानुवर्षं मागे लागले तेव्हा कुठे २०१५ मध्ये राज्याच्या ऑडिटरचा कडक अहवाल आला आणि विद्यापीठाला मानसोपचार औषधांच्या ट्रायल्समध्ये नवीन भरती थांबवावी लागली. घाबरवायला नाही सांगत. पुढे कधी तुम्ही ट्रायलचा विचार केलात तर दोन गोष्टी लेखी बघायच्या: भाऊ बिघडतोय असं घरच्यांना वाटलं तर कुणाला कळवायचं आणि ते ऐकणारा माणूस ट्रायल चालवणाऱ्या डॉक्टरांपेक्षा वेगळा आहे का. तुमच्याकडे तर उपचार करणारा आणि ट्रायलवाला एकच आहे, दर पेशंटमागे हॉस्पिटलला पैसे मिळतात, डॉक्टर सज्जन असले तरी हे असतंच. "डॉक्टर, तुमची ट्रायल नसती तर तुम्ही आज याला काय दिलं असतं?" एवढं विचारा. चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागवत नाही.

बाकीचे प्रश्न तुम्हाला सुचतीलच, म्हणजे इमर्जन्सीला कुठलं औषध चालू आहे ते उघड करता येतं का, बिघडला तर कधी बाहेर काढणार, इजा झाली तर खर्च कोणाचा, पाच आठवड्यांनंतर औषध लागू पडलं असेल तर पुढे मिळणार का की तोंडाला पानं पुसणार. शेवटचा लोक विचारायला विसरतात. ट्रायल सरकारी मान्यतेच्या रजिस्ट्रीत नोंदलेली असायला हवी, नंबर मागा. आणि फॉर्म घरी न्यायला देत नसतील तर विषय तिथेच संपला.

राहिला भाऊ. "ताई तू म्हणशील तसं" हे संमती नाही, ती तुमच्यावरची माया आहे किंवा थकवा आहे, किंवा डोक्यात इतका गोंगाट आहे की अजून एक निर्णय नकोय. पण म्हणून त्याला समजणार नाही असं धरू नका. विल्यम कारपेंटर यांच्या गटाने २००० मध्ये दाखवलंय की स्किझोफ्रेनियाच्या लोकांना संमतीपत्र पहिल्या फटक्यात कमी समजतं, पण तेच थोडं थोडं करून, परत परत समजावलं तर ते आजार नसलेल्या लोकांच्या बरोबरीला येतात. तेव्हा क्लोझापिनच्या बाबतीतही हेच करा. एका बैठकीत सगळं ओतू नका. सकाळी आवाज कमी असतात का संध्याकाळी ते त्याला विचारा आणि त्या वेळी बसा. एक मुद्दा सांगा, मग त्यालाच म्हणा की आता आईला तू समजावून सांग. जे सांगता आलं नाही ते परत. आणि "मला सुई नको" म्हणाला तर ते नीट ऐकून घ्या, काही ठिकाणी बोटातून थेंबभर रक्त घेऊनही तपासणी होते, विचारता येईल. त्याने सगळं समजून नाही म्हटलं तर सध्या नाही. तुम्ही नाराज झालात हे त्याला दिसलं तरी चालेल, पण त्याच्यावर रुसून बसू नका, महिन्याने परत विचारता येतं.

ता. क. चं: द्या की रक्त, मला तरी त्यात अडचण दिसत नाही. त्या अभ्यासात कुणाची गोळी बंद होत नाही. २०२२ मध्ये ७६,७५५ पेशंटांच्या नमुन्यांतून जनुकांवरच्या २८७ जागा सापडल्या ज्यांचा स्किझोफ्रेनियाशी संबंध आहे, प्रत्येकीचा वाटा इवलासा, आणि हे असे ढीगभर नमुने जमवल्याशिवाय दिसतच नाही. फक्त त्यातून तुमचं भविष्य कळेल ही अपेक्षा नको, तसं सांगणारी टेस्ट आज नाही. जुन्या कुटुंब-अभ्यासांत भावंडांना आयुष्यभरात साधारण ९% धोका दिसला होता, म्हणजे शंभरातल्या नव्वदच्या वर भावंडांना काही होत नाही, आणि २७ वर्षांच्या भावाची मोठी बहीण म्हणजे तुमचा बराचसा धोक्याचा काळ मागे पडलाय. सही करण्याआधी एवढं विचारा की नमुना किती वर्षं ठेवणार, दुसऱ्या कुणाला देणार का, आणि उद्या नको वाटलं तर नष्ट करून मिळेल का. आणि हो, तुम्ही दिलंत म्हणून भावानेही द्यायलाच हवं असं त्याला वाटू देऊ नका, अभ्यासवाल्यांना त्याला वेगळं विचारू दे.